प्रत माहितीसाठी

९ जानेवारी

जर्मनमध्ये लिहिलं तर अनय वाचतो, म्हणून मराठीत लिहिते. अनय माझा भाऊ, नऊ वर्षांचा. त्याला मराठी कळतं पण वाचता येत नाही. मम्मी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. राहिले पप्पा. मी शाळा सोडली तेव्हापासून, म्हणजे गेल्या उन्हाळ्यापासून, ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत, ते माझी वही कशाला उघडतील.

आज म्युझियममध्ये पत्रांचं काम सुरू झालं. म्युझियम म्हणजे एल्बेच्या काठावरचं जुनं धान्याचं गोदाम. हॅम्बर्गहून एस-बानने, म्हणजे लोकल ट्रेनने, जायचं. दहावी अर्धवट सोडली की इथे अठरा वर्षं होईपर्यंत नुसतं घरी बसू देत नाहीत, काहीतरी करावं लागतं. म्हणून मी तिथे वर्षभरासाठी स्वयंसेवक आहे. फ्राउ लूर्स सगळं बघतात. साठीच्या आहेत, उंच, कुत्र्याशी आणि माझ्याशी सारख्याच आवाजात बोलतात. मला ते बरं वाटतं.

पत्रं तोफखान्यातल्या एका कॅप्टनची आहेत. ग्रेव्हे त्याचं नाव. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लोकांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव केला. इंग्लंडला सैनिक कमी पडले, तर इकडच्या एका छोट्या राजाने आपले सैनिक त्यांना भाड्याने दिले, तोफांसकट. त्यात हा गेला. तिकडून आपल्या राजाला पत्रं लिहायचा. फ्राउ लूर्स म्हणाल्या, "आल्झो, हे बघ मैत्री, प्रेमपत्रं समजू नकोस. एकजात रडगाणं आहे."

जुनं अक्षर मला वाचता येत नाही. त्या भिंग धरून मोठ्याने वाचतात, मी टाइप करते. दिवसभरात 'हो' सोडून काही बोलावं लागलं नाही.

१० जानेवारी

संध्याकाळी पप्पांनी हाक मारली. "मैत्री, लॅपटॉप घेऊन ये."

मी कांदा चिरत होते. मम्मीनं माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि मानेनं खूण केली, जा म्हणून.

पप्पा इन्स्टिट्यूटमध्ये रिसर्चर आहेत. खारं पाणी गाळायचे पातळ पडदे असतात, त्यावर त्यांचं काम. सगळी मोजमापं त्यांनी केलीत, आम्ही झोपेतून उठायच्या आत ते लॅबमध्ये असायचे. आता त्यांच्या प्रोफेसरचा पेपर छापून आला. हालबाख नाव त्याचं. लेखकांच्या नावांत पप्पा नाहीत. अगदी शेवटी बारीक अक्षरात आहेत, तांत्रिक मदतीबद्दल आभार म्हणून.

एप्रिलअखेर पप्पांचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. वाढवायचं की नाही ते मार्चमध्ये हालबाखच ठरवणार. नाही वाढवलं तर आम्ही सगळे परत, कारण आमचे व्हिसा त्याच कागदाला बांधलेले आहेत.

इन्स्टिट्यूटमध्ये इंग्लिश चालतं, पण वरच्या ऑफिसला जर्मनमध्ये दिलेलंच लागतं असं पप्पा म्हणतात. त्यांचं जर्मन बेकरीपुरतं आहे. ते मराठीत सांगत होते, मी जर्मनमध्ये लिहीत होते. अनय मध्येच जर्मनमध्ये म्हणाला, "पप्पा, ट्रान्सलेटर एका सेकंदात करून देतो."

पप्पा म्हणाले, "तू जेव."

शेवटी म्हणाले, "आता खाली लिही. प्रत माहितीसाठी." आणि नावं सांगायला लागले. डायरेक्टर, उपडायरेक्टर, पर्सोनालवाले, कामगारांची कमिटी, मंत्रालय, ज्या मासिकात पेपर आला त्याचे संपादक, आपली वकिलात, आपल्या बौद्ध मंडळाचे देवदत्त काका.

मी विचारलं, "हे सगळे?"

"सगळे."

मग आजोबांची गोष्ट सांगितली. मला पाठ आहे, पण मी ऐकली. यशवंत आजोबा परभणीला तहसील कचेरीत शिपाई होते. वस्तीत वीज येत नव्हती. आजोबांनी निवेदन दिलं आणि खाली लिहिलं, प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी, आमदार, पालकमंत्री, दोन पेपरवाले. दिवाळीच्या आत खांब उभे राहिले. पप्पांची हॉस्टेलची ॲडमिशनसुद्धा अशीच झाली.

"एकाला दिलं की तो कागद बुडाखाली घेऊन बसतो," पप्पा म्हणाले. "सगळ्यांना दिलं की एकमेकांच्या भीतीनं काम करतात. आणि पोच घ्यायची. दुसऱ्या प्रतीवर समोरच्याची सही आणि तारीख. पोच नसली तर तू दिलंस हे कशावरून?"

सेंड मी दाबलं.

दोन तास ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. टाइप करणारं दुसरं कोणी नाही, म्हणून.

२१ जानेवारी

ग्रेव्हेचं आजचं पत्र जरा लांब होतं. एका टेकडीवर त्याच्या दोन तोफा दिवसभर उभ्या होत्या. त्या होत्या म्हणून इंग्लिश पायदळ जिवंत मागे आलं. इंग्लिश जनरलच्या रिपोर्टमध्ये टेकडी आहे, पायदळ आहे, मेलेले घोडेसुद्धा आहेत. तोफा नाहीत. कॅप्टननं लिहिलंय, महाराज, माझ्या तोफा तिथे नव्हत्या तर हे घोडे काय ओढत होते.

फ्राउ लूर्स हसल्या. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "इथं त्यानं घाण केली."

म्हणजे असं, की त्यानं पत्र सरळ राजाला लिहिलं. त्याच्यावर एक कर्नल होता, त्याला न दाखवता. फ्राउ लूर्स म्हणाल्या, जर्मनीत कागद जिना चढतो, एकेक पायरी. त्याला डीन्स्टवेग म्हणतात. तू पायरी गाळलीस की ज्याची गाळलीस तो माणूस विसरत नाही.

मी विचारलं, "अजूनही?"

"गेनाऊ, अगदी तसंच. राजे गेले, जिना आहे."

ट्रेनमध्ये ठरवलं की पप्पांना सांगायचं. घरी आले तर ते सोफ्यावर बातम्या बघत होते. मी बूट काढले, हात धुतले आणि ताटं घेतली.

३० जानेवारी

हालबाखचं उत्तर आलं. आपल्या पत्राबद्दल आभार, योग्य वेळी योग्य मार्गाने कळवण्यात येईल. पप्पा खूश. "बघ वसुधा," मम्मीला म्हणाले, "एका पत्रात भाषा कशी बदलली. आधी नुसतं 'हाय संघर्ष' लिहायचा. आता हेर डॉक्टर भालेराव."

मम्मी म्हणाली, "अहो, 'हाय' म्हणत होता तेच बरं होतं."

मला ती भाषा माहीत आहे. मी नववीत होते तेव्हा वर्गातली मुलं माझे उच्चार करून दाखवायची. एकदा मास्तरही हसले. मी घरी रडले, तर पप्पांनी शाळेला पत्र लिहिलं. प्रत माहितीसाठी शिक्षण खातं, नगराध्यक्ष, वकिलात. दुसऱ्या आठवड्यापासून सगळे माझ्याशी एकदम नीट वागायला लागले. मास्तर मला काही विचारायचेच नाहीत. मुलं माझ्यासाठी दार धरून उभी राहायची आणि मी आत आले की बोलणं थांबवायची. ग्रुपचं काम असलं की बाई हळूच येऊन म्हणायच्या, तुला हवं तर एकटीनं कर. वर्षभर तसंच. कुणी काही वाईट बोललं नाही.

पप्पा अजून लोकांना सांगतात, एका पत्रात शाळा सरळ केली मी. त्यानंतर मी शाळा का सोडली ते त्यांना कळत नाही. मलाही नीट सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी

पप्पा डबा न्यायला लागलेत. मम्मी म्हणाली, "कॅन्टीनचं काय झालं?"

"सारखे बटाटे. कंटाळा आला."

ग्रेव्हेला मेसमध्ये इंग्लिश ऑफिसरांच्या टेबलावर जागा होती. त्याला थोडं इंग्लिश यायचं, म्हणून. आता ती जागा नाही. कुणी ऊठ म्हणालं नाही, नुसत्या खुर्च्या कमी मांडल्या. तेही त्यानं राजाला लिहिलंय. आणि आता तो पत्रांच्या नकला पाठवतो. इंग्लिश जनरलला, राजाच्या मंत्र्याला, राजाच्या आईला, पलटणीच्या पाद्र्यालासुद्धा. फ्राउ लूर्सना इतकं हसू आलं की कुत्रा उठून बसला. "पाद्री काय करणार? तोफांसाठी प्रार्थना?"

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा घेऊ या."

२३ फेब्रुवारी

रविवार. वाल्डॉर्फहून श्यामकांत काकांचा फोन. ते पप्पांचे कॉलेजचे मित्र, तिकडे सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. पप्पांनी स्पीकरवर ठेवला होता, ते भांडी पुसत होते.

"संघ्या, ऐक. आमच्या इथे एक जागा निघालीये. डेटाचं काम. तुझ्या लायकीचं नाही, पण पक्की नोकरी आहे. तुझ्या प्रोफेसरकडून एक शिफारसपत्र आण, बाकी मी बघतो."

"त्याच्याकडून?"

"मग काय माझ्याकडून? दोन ओळी रे. चांगला माणूस आहे, वेळेवर येतो."

"श्याम, तो माणूस माझं काम खाऊन बसलाय. त्याच्याकडे मी कॅरेक्टर सर्टिफिकेट मागायला जाऊ?"

"अरे जा ना. मी दहा वर्षं जातोय."

"आधी नाव लागू दे. मग शिफारस बिफारस."

"नाव लागेपर्यंत जागा थांबणार आहे का, गाढवा."

पप्पांनी फोन उचलून कानाला लावला आणि बाल्कनीत गेले. आल्यावर मम्मी म्हणाली, "अहो, तुम्ही नावाला धरून बसलात. चार माणसांच्या व्हिसावर चार नावं आहेत, ती कोण बघणार?"

पप्पा म्हणाले, "माझ्या बापाचं नाव शाळेच्या दाखल्यावर मास्तरनं मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. तो ते सुधारायला सहा वेळा चालत गेला."

मम्मी म्हणाली, "त्यांना कुणी रिटर्न तिकीट देऊन घालवणार नव्हतं."

मग त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली घ्यायला आले होते. तशीच परत गेले.

५ मार्च

पप्पांचं तिसरं पत्र. आज बोलले.

पप्पा 'प्रत माहितीसाठी' पर्यंत आले होते. माझे हात की-बोर्डवर होते आणि मी स्क्रीनकडे बघूनच म्हणाले, "पप्पा, त्या माणसाला उत्तर आलं नाही."

"कुठल्या माणसाला?"

मग मी सांगितलं. ग्रेव्हे, टेकडी, तोफा, घोडे, कर्नलला वगळलं ते, पाद्री, खुर्च्या. मला वाटतं मी पंधरा मिनिटं बोलले. एवढं मी गेल्या वर्षभरात कुणाशी बोलले नसेन. पप्पांनी चष्मा काढून हातात धरला होता. मध्ये एकदा विचारलं, "तोफा त्याच्याच होत्या ना? नक्की?"

"हो. नंबर दिलेत त्यानं तोफांचे."

"घराणं मोठं होतं का त्याचं?"

"नाही. बाप चर्चच्या घंटा ओतायचा. बाकी ऑफिसर सगळे सरदारांचे होते."

मला वाटलं आता ते लॅपटॉप बंद कर म्हणतील. हळूच म्हणाले, "म्हणजे अडीचशे वर्षांनीसुद्धा कुणीतरी टाइप करतंय त्याचं."

"हो, पण पप्पा, त्याला उत्तर..."

"त्यानं लिहून ठेवलं म्हणून तर तुला कळलं टेकडीवर कोण होतं. रिपोर्टवाल्या जनरलचं नाव तुला माहीत आहे का?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"लिही," पप्पा म्हणाले. आणि यादीत अजून दोघं वाढवली.

मी चुकीचं सांगितलं बहुतेक. मला उलटं सांगायचं होतं.

२० मार्च

कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. एका ओळीचं पत्र, कारण नाही. पप्पांनी मला वाचायला दिलं, जणू मी जास्त काही वाचून दाखवीन. मी दोनदा वाचलं. एकच ओळ होती.

श्यामकांत काकांच्या इथली जागा गेल्या आठवड्यात भरली.

मम्मी अनयच्या केसांना तेल लावत होती. त्याला म्हणाली, "हलू नको." तो हलत नव्हता.

२७ मार्च

फ्राउ लूर्सना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, "मैत्री, ऑगस्टनंतर काय करणार?" मी म्हटलं, परत जाणार, परभणीला, आत्याकडे. तिथे काय करणार, तर मला माहीत नाही. मराठी शाळा मी पाचवीपर्यंत केली. आता तिकडे कुठल्या वर्गात बसवणार मला.

त्या म्हणाल्या की जिल्ह्याच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे, आउसबिल्डुंगची एक जागा आहे. तीन वर्षं, शिकत शिकत नोकरी. नववी पास चालतं. तिथल्या बाईंना त्यांनी माझ्याबद्दल आधीच सांगितलंय. त्यांच्या घरी वरची खोली रिकामी आहे, मुलगा म्युनिकला असतो आणि येत नाही. व्हिसाच्या ऑफिसात त्या स्वतः येतील माझ्याबरोबर. फक्त मी अठराची नाही, म्हणून अर्जावर आईवडिलांची सही लागते. दोघांची. ३० एप्रिलच्या आत.

"तुला हवंय का?" त्यांनी विचारलं.

मी भिंग पुसत होते. हवं होतं. खूप हवं होतं, इतकं की तोंडातून काही येईना. त्यांना वाटलं असेल मला नको आहे. तरी अर्ज माझ्या बॅगेत घातला.

मम्मीला दाखवला. तिनं दोन मिनिटांत सही केली, पेन तिथेच होतं. म्हणाली, "पप्पांना तू सांग. मी सांगितलं तर ते माझ्याशी भांडतील. तुझ्याशी ते भांडत नाहीत."

भांडत नाहीत कारण बोलत नाहीत.

१३ एप्रिल

जयंतीचा कार्यक्रम आज रविवारी केला. दरवर्षीचाच हॉल. वंदना झाली, केक झाला, मग जेवण. दरवर्षी पप्पा शिक्षणावर बोलतात, पंधरा मिनिटं, मुलांना कंटाळा येतो आणि शेवटी टाळ्या पडतात. यंदा देवदत्त काका आले आणि म्हणाले, "संघर्ष, वेळ जरा कमी आहे. पोरांचे डान्स फार आहेत."

"हो हो. पोरं आधी," पप्पा म्हणाले. त्यांच्या खिशात घडी केलेला कागद होता, मला कोपरा दिसत होता.

देवदत्त काका नंतर मम्मीला बाजूला म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण त्या मेलमध्ये मंडळाचं नाव कशाला घातलं? आम्हालाही इथेच नोकऱ्या करायच्यात." मम्मी म्हणाली, "पुरी घ्या ना अजून."

जेवताना मुक्ता मावशी माझ्या समोर बसली. तिची मुलगी मेडिकलला आहे. "तुझं काय ग मैत्री? अबिटूर कधी, बारावीची परीक्षा?"

मी पुरीचा तुकडा तोडत राहिले. पप्पा म्हणाले, "ती काम करते. जुन्या युद्धाची पत्रं टाइप करते म्युझियममध्ये." आणि मग ग्रेव्हेची सगळी गोष्ट सांगायला लागले. टेकडी, तोफांचे नंबर, बाप घंटा ओतायचा ते. मी एकदाच सांगितलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं. माझ्या लक्षात नसलेलंही होतं. मुक्ता मावशी म्हणाली, "अगंबाई," आणि जिलबी आणायला उठली.

शाळेचा विषय निघू नये म्हणून सांगत होते. लाज वाटली असणार.

बसमध्ये पप्पांनी तो घडीचा कागद काढला, वाचला आणि परत खिशात ठेवला. तिकिटं १० मेची काढली आहेत. अर्ज अजून माझ्या बॅगेत.

१७ एप्रिल

शेवटचं पत्र झालं. त्यात तक्रार नाही. फ्राउ लूर्सनी दोनदा उलटून बघितलं, कुठे राहिलीये का म्हणून. हिवाळा आहे, घोडे झाडांच्या साली खातात, त्याच्या तोफा आता दुसऱ्याकडे दिल्यात. शेवटी विचारलंय की बापाच्या घंटा ओतायच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड तोडलं का. ते तर राजाला माहीत असणार नाही. मग नेहमीसारखंच, आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक.

"पुढे काय झालं त्याचं?"

"माहीत नाही. पलटण परत आली, त्यात तो नाही. मेलेल्यांतही नाही. तापानं गेला असेल, नाहीतर तिकडेच राहिला असेल. पुष्कळ राहिले."

मी टाइप करताना एक बघितलं होतं. प्रत्येक पत्राच्या वरच्या कोपऱ्यात वेगळ्या शाईत बारीक काहीतरी होतं. मी विचारलं. त्या म्हणाल्या, राजाच्या कारकुनाची खूण आहे. 'फायलीला लावा.'

"म्हणजे पोचली होती?"

"सगळीच. त्याशिवाय आपल्याकडे कशी आली असती?"

"मग त्याला कळवलं का नाही?"

"काय कळवणार? निर्णयच काही झाला नव्हता."

मी म्हटलं, पोचली एवढं तरी. फ्राउ लूर्सनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझा अर्ज आहे ना अजून?" मी मान हलवली.

ट्रेनमध्ये रडले. का ते माहीत नाही, त्याला मरून किती काळ झाला.

२४ एप्रिल

बोलता येणार नाही हे नक्की झालं. तीन दिवस पप्पांच्या दारापर्यंत जाऊन आले. ते पुस्तकांची खोकी भरतात आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहितात.

म्हणून निवेदन लिहिलं. हातानं, दोन प्रती. एक इथे उतरवून ठेवते.

"प्रति, डॉ. संघर्ष यशवंत भालेराव यांना.
विषय: सही मिळणेबाबत.
महोदय, मी खाली सही करणार, मैत्री संघर्ष भालेराव, वय सतरा, विनंती करते की मला इथल्या आर्काइव्हमध्ये शिकायचं आहे. ही शाळा नाही हे मला माहीत आहे. पण शिकणं आहे. फ्राउ लूर्स यांच्याकडे राहीन. सोबतच्या अर्जावर मम्मीची सही झाली आहे, आपली बाकी आहे. शाळा मी आळसानं सोडली नाही. तिथे कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. हे मी तेव्हा सांगितलं नाही. तरी आपण सही करावी ही विनंती.
आपली आज्ञाधारक,
मैत्री
प्रत माहितीसाठी: कुणालाही नाही."

'आज्ञाधारक' परभणीच्या शाळेत रजेच्या अर्जाला लिहायचो, म्हणून लिहिलं. बाईंनी तसंच शिकवलं होतं.

दोन्ही प्रती आणि अर्ज, त्यांच्या टेबलावर चष्म्याखाली ठेवलं. ते अनयला घेऊन खाली गेले होते.

२५ एप्रिल

सकाळी पप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळीही नाही. जेवताना मम्मीला म्हणाले, "मीठ बरोबर आहे." एवढंच.

अनयनं मला विचारलं, "पप्पा आजारी आहेत का?" मी विचारलं, का. म्हणाला, "मघाशी खोक्यावर बसले होते. नुसतेच."

२८ एप्रिल

पोच मिळाली.

सकाळी माझ्या बुटांवर कागद ठेवला होता. दुसरी प्रत. खाली डाव्या कोपऱ्यात 'पोच' लिहून तारीख आणि त्यांची पूर्ण सही, इंग्लिशमधली, पेपरवर करायचे तशी. मूळ प्रत त्यांनी ठेवून घेतली. मम्मी म्हणाली ती त्यांनी आजोबांच्या निवेदनांच्या फायलीत लावली, आणि ती फाइल खोक्यात नाही, हातातल्या बॅगेत आहे.

प्रतीवर अजून एक केलंय. 'आपली आज्ञाधारक' मधला 'आज्ञाधारक' पेनानं खोडलाय. सरळ रेघ, पट्टी लावून. आता नुसतं 'आपली मैत्री' राहिलंय. रागानं खोडला की कसं, कळत नाही. मी खूप वेळ बघितलं.

अर्जही बुटांवरच होता. मम्मीच्या सहीशेजारची जागा तशीच आहे.

आजोबा निवेदन देऊन आले की आजी विचारायची, काय झालं. ते म्हणायचे, पोच मिळाली. आजी म्हणायची, म्हणजे काम झालं का. ते म्हणायचे, मी पोच म्हणालो.

३० एप्रिल

म्युझियममध्ये अर्ज पप्पांच्या सहीशिवायच घेऊन गेले. फ्राउ लूर्सनी तो बघितला आणि त्यांच्या टेबलाच्या खणात ठेवला, फेकला नाही. मग म्हणाल्या, ग्रेव्हेच्या टाइप केलेल्या पानांवर शेवटी दोघींची नावं घालायची आहेत, वाचन त्यांचं आणि लेखन माझं. माझं पूर्ण नाव कसं लिहायचं ते विचारलं.

मी कागदावर लिहून दिलं. मैत्री संघर्ष भालेराव. त्यांनी बारीक अक्षरात नाही घातलं. त्यांच्या नावाएवढंच घातलं.

संध्याकाळी पप्पांना सांगावंसं वाटलं. ते बाल्कनीत पाठमोरे उभे होते, लॅपटॉप बंद होता. इन्स्टिट्यूटचं कार्ड आज परत द्यायचं होतं, ते देऊन आले होते. मी दारात उभी राहिले. त्यांना कळलं असावं, कारण ते थोडे बाजूला सरकले, एका माणसाच्या जागेएवढे.

मी गेले. त्यांच्या शेजारी उभी राहिले. खाली कुणीतरी आमचा सोफा बघायला आलं होतं.